पटावरची नऊ नावं

२ फेब्रुवारी

ती. ताईमावशी,

नमस्कार. परवा फोनवर मी "गुडघा कसा आहे?" विचारलं आणि तू "बुधवारीच परत गेला" म्हणालीस, तेव्हाच ठरवलं की आता पत्रच. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून ऐकू येत नसतं, हे तुला मी सांगायला नको. पत्राला दहा-बारा दिवस लागतात, पण निदान उत्तर तरी प्रश्नाचंच येतं.

कामाचं लिहिते. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत पंधरा मार्चला शिक्षण कचेरीतून एक अधिकारी बाई येणार आहेत. शाळेबद्दल तुला तुटक तुटक माहीत आहे, म्हणून नीट सांगते. इथल्या एका प्राथमिक शाळेतल्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या आम्हाला रविवारी सकाळी फुकट मिळतात. दहा ते साडेबारा. खोल्या दुसऱ्यांच्या, त्यामुळे गेल्या गेल्या आधी फोटो काढायचा, मग खुर्च्या हलवायच्या, आणि जाताना फोटोत बघून एकेक खुर्ची होती तिथे ठेवायची. सोमवारच्या मास्तरांना आपण येऊन गेल्याचा पत्ता लागता कामा नये.

शाळा चालवणारे आम्ही चौघं, सगळे बिनपगारी. मोठ्या बाई म्हणजे शाळा काढणाऱ्या. पूर्वी नर्स होत्या, आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. एकोणीस वर्षांत त्यांनी एक रविवार चुकवलेला नाही. यजमान गेले त्या आठवड्यातसुद्धा आल्या, बाराखडी घेतली आणि घरी गेल्या. त्यांच्याकडे लहान गट. बसकाका शहराची बस चालवतात, त्यांच्याकडे मधला गट. दातांची डॉक्टर मोठा गट घेते. मी आठवडाभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते आणि रविवारी सगळ्यांची हजेरी, वह्या, पालकांच्या तक्रारी आणि नाक पुसणं एवढं बघते.

त्या बाई शाळा "नेहमीसारखी चालू असताना" बघणार आहेत. पुढच्या वर्षी खोल्या द्यायच्या की नाहीत हे त्यांच्या अहवालावर ठरेल. मोठ्या बाईंना झोप नाही. तू तीस वर्षं विस्तार अधिकारी म्हणून शाळा तपासल्यास. आम्ही टेबलाच्या या बाजूला पहिल्यांदाच बसतोय. अधिकारी आल्यावर नेमकं काय बघतो, ते सांग. हजेरीपत्रक मी ठेवते, ते व्यवस्थित आहे.

तुझी,
ठकी

ता. क. स्वागताला काय करावं? आणि हजेरीची काळजी करू नकोस, ते सगळं व्यवस्थित आहे.


१३ फेब्रुवारी

चि. ठकी,

आशीर्वाद. यंत्र ड्रॉवरमध्ये नाही, उशीखाली आहे. कानात घातलं की भांड्यांचा आवाज आधी येतो आणि माणसांचा नंतर. गुडघा बरा आहे. बुधवारी परत गेला तो गॅसवाला.

तू विचारलंस म्हणून सांगते. आधी स्वागताचं. हार, नारळ, मुलींना नटवून दारात उभं करणं, यातलं काहीही करू नका. ज्या शाळेत माझ्यासाठी लेझीम लावलं जायचं, तिथे मी पहिल्यांदा स्वच्छतागृह बघायला जायची. लेझीम बसवायला आठ दिवस घातलेत म्हणजे आठ दिवस शिकवलेलं नाही, एवढा हिशोब मला येत होता. पाणी विचारा, खुर्ची द्या, आणि आपापलं काम करा.

अधिकारी काय बघतो? फळा बघतो. आजच लिहिलेला सुविचार आणि महिनाभर जुनी तारीख, असे फळे मी खूप पाहिलेत. मागच्या बाकावर बसतो, कारण पुढची मुलं शाळेला दाखवायची असतात आणि मागची शाळा असते. मास्तरांनी प्रश्न विचारायच्या आतच हात वर गेले, की पाठ बसवलेला आहे असं समजायचं. आणि एक आमचं गुपित सांगते. आम्ही मुलं मोजत नाही, वह्या मोजतो. मुलं एका दिवसापुरती कुठूनही आणता येतात. वर्षभराची वही आणता येत नाही.

मी नोकरीत कधीही खोटा आकडा लिहिला नाही, आणि लिहून दिला नाही. तुमच्या त्या बाईही तशाच असतील असं धरून चाल. आमची जात सगळीकडे सारखीच.

आता माझा प्रश्न. खुर्च्यांचे फोटोसुद्धा लिहिलेस, पण पटावर मुलं किती आहेत हे लिहिलं नाहीस. हजेरीपत्रक व्यवस्थित आहे असं मात्र दोनदा लिहिलंस. व्यवस्थित असलेल्या हजेरीपत्रकाबद्दल कुणी दोनदा लिहीत नाही, ठके.

तुझी,
ताईमावशी


२४ फेब्रुवारी

ती. ताईमावशी,

तुझ्यापुढे माझं पितळ एका पत्रात उघडं पडलं, तर त्या बाईंपुढे किती वेळ लागेल कोण जाणे.

पटावर चाळीस आहेत. येतात एकतीस. फुकट खोल्यांना नियम चाळीसचा आहे. सप्टेंबरात पाच घरं एका झटक्यात गाव सोडून गेली. बापांच्या नोकऱ्या बदलल्या, आणखी काय! त्यांच्याबरोबर नऊ मुलं गेली. मोठ्या बाई म्हणाल्या, नावं इतक्यात काढू नकोस, नवीन येतील. मी काढली नाहीत. मग महिन्याच्या शेवटी आकडा कचेरीत कळवायचा असतो, तेव्हा त्या नऊ नावांपुढे हजेरी मांडली. एकदा मांडली की पुढच्या महिन्यात काढणार कशी? अशी मी फेब्रुवारीपर्यंत आले.

वाईट वाटतं, पण सगळं ऐकून घे. मी या देशात नवीन होते, माझ्या मुलीशी मराठीत बोलायला घरात मी सोडून कुणी नव्हतं, तेव्हा मोठ्या बाईंनी तिला मांडीवर घेऊन 'क' गिरवून घेतला. आज ती तुला पत्राच्या तळाशी दोन ओळी लिहिते त्या मोठ्या बाईंमुळे. त्या विचारतात, "चाळीस मुलांत भाषा असते आणि एकतीस मुलांत नसते, हे कुणी ठरवलं?"  तुझ्याकडे याला उत्तर आहे का?

तर ठरलंय ते असं. त्या दिवशी बारा मुलं उसनी आणायची. कुणाची मोठी बहीण, जी शाळा सोडून दोन वर्षं झाली. कुणाचा चुलतभाऊ. दातांच्या डॉक्टरच्या शेजारणीची जुळी. त्यातल्या नवांना गेलेल्यांची नावं द्यायची, बाकीची तीन पाहुणी म्हणून बसतील. आणि तुझ्या पत्राचा मोठाच उपयोग झाला. मी वह्यांचं वाचून दाखवलं तेव्हा मोठ्या बाई उठूनच बसल्या. आता आम्ही नऊ वह्या तयार करतोय. बसकाकांच्या सौभाग्यवती डाव्या हाताने लिहितात म्हणजे अक्षर लहान मुलासारखं येतं. मी चुका पेरते. परवा एका वहीत मी "मीत्र" लिहिलं आणि त्याला स्वतःच लाल रेघ मारली. खाली "छान प्रयत्न" असा शेराही दिला.

हे लिहिताना मला हसू आलं होतं. आता वाचताना येत नाहीये.

तुझी,
ठकी


६ मार्च

चि. ठकी,

तुझं पत्र आज आलं, वाचून लगेच लिहायला बसले. मी सांगितलेल्या गोष्टीवरून तुम्ही खोट्या वह्या केल्यात. म्हणजे त्यातली एक तरी माझ्या हातची धर.

मागच्या पत्रात मी मोठ्या तोंडाने लिहिलं की कधी खोटा आकडा लिहिला नाही. ते खरं आहे. त्याच्या पुढचं लिहिलं नव्हतं, ते आता लिहिते. तुझ्या आईलाही हे माहीत नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी डोंगरातली एक एकशिक्षकी शाळा माझ्याकडे तपासणीला होती. पटावर एकेचाळीस. मी न कळवता जायची, पण खाली फाट्यावर जीप थांबली की वर निरोप पोचायचा. मी पोचले तर वर्ग गच्च भरलेला. गुरुजी चाळिशीचे, सदरा इस्त्रीचा. मी हजेरी घ्यायला लावली. एक चिमुरडी उभी राहिली ती दुसऱ्याच नावावर. गुरुजींनी परत तेच नाव घेतलं. तिने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचं खरं नाव सांगितलं. पुढे सांगितलं की आम्ही पलीकडच्या वाडीतून आलोय, गुरुजींनी गूळ-शेंगदाणे देतो म्हटलंय.

मी मुलं वेगळी केली. शाळेची होती बावीस. नियम तिसाचा होता. मी शेरेबुकात बावीस लिहिले, गुरुजींची सही घेतली. ते म्हणाले, "बाई, चहा घेणार ना?" शाळेचा चहा घ्यायचा नाही असा माझा नेम होता. मी घेतला नाही.

जूनमध्ये शाळा बंद झाली. ओढ्यापलीकडच्या शाळेत मुलं दाखल करावीत असा हुकूम निघाला. ती शाळा तीन किलोमीटरवर. मुलं गेली का, किती गेली, मुली गेल्या का, मी कधी विचारलं नाही. ते माझ्या रकान्यात नव्हतं. माझा आकडा बरोबर होता. एवढंच मला ठाऊक आहे, आणि बत्तीस वर्षांत त्याच्या पलीकडचं काही ठाऊक करून घेतलं नाही.

तू विचारलंस, एकतीस मुलांत भाषा नसते हे कुणी ठरवलं. कुणीच नाही. नियम करणारा मुलं बघत नाही, खोल्या बघतो. पण म्हणून खोटं चालत नाही, कारण त्याची शिक्षा नियम करणाऱ्याला होत नाही. ती त्या उभ्या केलेल्या पोरीला होते. तिला तिचं नाव सोडावं लागतं.

अधिकाऱ्याच्या बाजूने एक सांगते. खोटं आम्हाला सापडलं की आमचे हात बांधले जातात. आकडा लिहायचा आणि निघायचं. तेच कुणी आपणहून येऊन सांगितलं, तर निदान दोन शब्द बोलता येतात, शेऱ्याला जागा उरते. त्या गुरुजींनी फाट्यावर येऊन मला सांगितलं असतं, "बाई, बावीसच आहेत, पण पावसाळ्यात ओढा उतरता येत नाही," तर मी ते लिहिलं असतं. काय झालं असतं ते देव जाणे, पण लिहिलं असतं.

तेव्हा त्या बाई यायच्या आत त्यांना गाठ. पत्र वेळेत पोचावं म्हणून आजच टाकते.

ताईमावशी


१६ मार्च

ती. ताईमावशी,

तुझं उत्तर आलं नाही. रागावली असशील तर आता हे वाच आणि मग ठरव.

काल त्या बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, केस आखूड, सपाट चपला, हातात स्वतःची पाण्याची बाटली. बसने आल्या. मोठ्या बाईंनी गाडी पाठवते म्हटलं होतं, त्यांनी नको म्हणून कळवलं. सव्वादहाला तिन्ही गट एका खोलीत बसवले होते, त्रेचाळीस मुलं. उसन्यांतली दोघं कुठल्या बाजूने वही धरायची याबद्दल भांडत होती.

त्यांना मराठीचा गंध नाही. तरी त्या तुझ्यासारख्याच सरळ मागे जाऊन लहान गटाच्या खुर्चीवर बसल्या, गुडघे हनुवटीला. शेजारी आमची सहा वर्षांची एक चिंटुकली आहे. तिने त्यांना 'ळ' म्हणायला लावलं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. चिंटुकली म्हणाली, "चालेल. घरी सराव करा." आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा चाळून खाली ठेवला. मला वाटलं, निभावलं.

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही दर रविवारी सुरुवात कशी करता? तसंच करा, मी बघते." आम्ही सुरुवात हजेरीने करतो. मोठ्या बाईंनी मला मान हलवून खूण केली.

पहिली तीन नावं झाली. चौथं नाव गेलेल्या मुलीचं. ते आम्ही एका मोठ्या बहिणीला दिलं होतं, तेरा वर्षांची, उंच, टेबलाखाली पाय मावत नव्हते. तिने टेबलाकडे बघत "हजर" म्हटलं. आणि चिंटुकलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिची ती मैत्रीण होती, जी गेली. ती मला म्हणाली, अगदी हळू, "बाई, ती गेली ना?"

कुणी माझी चोरी पकडली नव्हती. अधिकारी बाईंना तर वाक्यही कळलं नव्हतं. मी "गप्प बस" म्हणू शकले असते. पण पोरगी मला खरंच विचारत होती. तिला वाटलं असावं की मैत्रीण परत आली आणि आपल्यालाच दिसत नाहीये. तिला मी त्या खोलीत, सगळ्यांसमोर, काय सांगणार होते?

मी म्हटलं, "हो राणी, ती गेली. माझं चुकलं." आणि पेनाने ते नाव खोडलं. मग पुढचं वाचलं. गेलेल्याचं नाव आलं की "गेला", "गेली" म्हणायचं आणि रेघ मारायची. उसनी मुलं गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली, त्यातल्या एका जुळ्याने तरीही मोठ्यांदा "हजर" म्हणून घेतलं. नऊ रेघा झाल्यावर मी त्या बाईंकडे गेले आणि त्यांच्या भाषेत सांगितलं, "एकतीस आहेत. या नवांची हजेरी मी सप्टेंबरपासून खोटी मांडतेय. अक्षर माझं आहे. नऊ वह्याही खोट्या आहेत."

त्या म्हणाल्या, "वह्यांचं मला कळलं होतं. नऊ जणांची एकच चूक एकाच पानावर होती." माझं ते "मीत्र", मावशी, एका वहीवरून बाकीच्या आठ उतरवल्या होत्या. भाषा येत नसताना त्यांनी लाल रेघा जुळवल्या.

मग त्या तेराच्या मुलीपाशी जाऊन बसल्या. तू आधी इथे यायचीस का? हो. मग सोडलं का? ती म्हणाली, "मोठ्यांसाठी वर्गच नाही. मला आवडायचं." बाईंनी ते लिहून घेतलं. अर्धा तास प्रत्येक गटात बसल्या, एकतीस जणांच्या वह्या पाहिल्या, आणि जाताना मला म्हणाल्या, "मला एकतीस लिहावे लागतील." मी म्हटलं, लिहा.

मोठ्या बाई त्या वेळी मैदानात जाऊन उभ्या होत्या. सगळे गेल्यावर आत आल्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पर्समधून किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "एकोणीस वर्षं, आणि तू एका मिनिटात." एवढंच. दातांची डॉक्टर माझ्याशी बोलत नाही. बसकाका खुर्च्या लावताना म्हणाले, "बरं झालं, माझ्या गळ्यात अडकलं होतं." पण त्यांनी ते मोठ्या बाई गेल्यावर म्हटलं.

मी बरोबर केलं का, ते मला कळत नाही.

ठकी

१९ मार्च. पत्र टाकायच्या आत तुझं सहा तारखेचं आलं. चार दिवस उशिरा. उभ्यानेच वाचलं. त्या बावीस मुलांचं काय झालं, मावशी? तुला खरंच कधी जाऊन बघावंसं वाटलं नाही?


९ एप्रिल

चि. ठकी,

वाटलं होतं. गेले नाही. आता जाऊन आले, म्हणून पत्राला वेळ लागला.

फाट्यापर्यंत एसटी, पुढे आता रिक्षा जाते. तुझ्या आईला सांगू नकोस, ती गुडघ्यावरून व्याख्यान देईल. शाळेची इमारत उभी आहे, आत कुणाचा तरी चारा भरलेला. गुरुजींची तेव्हाच बदली झाली होती, वारून बारा वर्षं झाली असं कळलं.

पारावर बसले होते, तेव्हा एक बाई कडेवर नातू घेऊन आली. चाळिशीची असेल. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आम्हाला मोजायला आला होता ना?" मी यंत्र कानात घालून गेले होते. नसतं घातलं तर बरं, असं क्षणभर वाटलं.

ती बाविसातली होती. तिच्या घरी गेले, ओट्यावर बसले. चहा दिला, घेतला. ओढ्यापलीकडच्या शाळेत सात-आठ मुलगे गेले म्हणाली. मुलींपैकी कुणी नाही. ती तिसरीपर्यंत शिकलेली, बसची पाटी वाचते, सही करते. तिची मुलगी तालुक्याला शिकून नोकरीला लागली, ती मात्र वसतिगृहात राहून.

मी तिला विचारलं, "माझा राग आला होता का गं?"

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "राग कशाला? आम्हाला काही सांगितलंच नव्हतं कुणी. आम्हाला वाटलं सुट्टी लागली."

 तिने पुढे नातवाचं नाक पुसलं आणि मला विचारलं, अजून थोडा चहा घालू का.

तू विचारलंस, बरोबर केलं का. आकडा बरोबर सांगितलास, आणि वेळेवर सांगितलास. पण मीही आकडा बरोबरच लिहिला होता. माझी चूक बावीस लिहिण्यात नव्हती, हे मला आता त्या ओट्यावर बसल्यावर कळलं. चूक तशीच खाली उतरून जीपमध्ये बसण्यात होती. वर राहून एकेका घरी जाऊन सांगायला हवं होतं, की शाळा बंद होणार आहे, मुलींना पाठवायचं असेल तर काय करता येईल, ओढ्यावर कुणाला उभं करता येईल. ते माझं काम नव्हतं. दुसऱ्या कुणाचंही नव्हतं.

तुमच्या खोल्या जातील असं धरून चाल. मग घरोघर जा. फोनवर निरोप टाकून मोकळी होऊ नकोस, दारात उभी राहा. शाळा पुढच्या रविवारी कुठे भरणार ते तोंडाने सांग. जागा मिळाली नसेल तर मिळाली नाही असं सांग. उसन्या आणलेल्या मुलांच्याही घरी जा. मोठ्या बाईंच्या घरी सगळ्यात आधी.

ताईमावशी


८ जून

ती. ताईमावशी,

तुझं पत्र मी बसकाकांना वाचायला दिलं होतं. त्यांनी ते घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "कधी निघायचं?"

आधी निकाल. एप्रिलच्या शेवटी कचेरीचं पत्र आलं. मे अखेर खोल्या सोडायच्या. शेऱ्यात एक ओळ अशी होती की जी मुलं येतात ती नियमित येतात आणि शिकतात, आणि मोठ्या मुलांसाठी वर्गाची गरज आहे. नियमापुढे त्या ओळीचा उपयोग झाला नाही. तरी मी ती कापून ठेवली आहे.

मोठ्या बाईंकडे सगळ्यात आधी गेले. दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मी माफी मागितली. खरा आकडा सांगितल्याची मात्र मागितली नाही, ते त्यांच्याही लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "तुझं झालं असेल तर मला आडवं व्हायचंय." मी निघाले.

मग एकतीस मुलांची घरं. मी आणि बसकाका, पाच रविवारी दुपारी. कुणी चहा दिला, कुणी दारातच बोळवण केली. दोन घरांनी सांगितलं की खोटेपणा करणाऱ्या शाळेत आम्हाला मूल पाठवायचं नाही. ऐकून घेतलं. उसन्या मुलांच्या घरीही गेलो. तेराच्या मुलीला मी म्हटलं, "तुला दुसऱ्याचं नाव घ्यायला लावलं, माझी चूक झाली." ती खांदे उडवून म्हणाली, "मला वाटलं नाटक आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण टेबल खूप छोटं होतं." वर्ग सुरू झाला तर येशील का, असं मी विचारलं. बघू म्हणाली.

जागा बसकाकांनी काढली. त्यांच्या आगारात चालकांची विश्रांतीची खोली आहे. रविवारी सकाळी तिथे कुणी नसतं. त्यांनी साहेबाला खरं ते सगळं सांगितलं, हजेरीसकट. साहेब म्हणाला, मुलं बसखाली जाणार नाहीत एवढं बघा. एक लांबलचक खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, एका बाजूला सगळ्या मार्गांचा मोठा नकाशा, दारावर "बूट पुसा". आम्ही आधीच्या दिवशी जाऊन झाडली, फळा ठोकला, मध्ये दोरी बांधून दोन पडदे लावले. दातांची डॉक्टर पडदे घेऊन आली होती. माझ्याशी बोलली नाही, पण बसकाकांमार्फत तीन सूचना दिल्या, त्या मला सगळ्या ऐकू आल्या.

काल पहिला रविवार. सव्वीस मुलं आली. तेराची आली ती दोन मैत्रिणींना घेऊन. त्या तिघींना कपाटांच्या बाजूला बसवलं, त्यांना पूर्ण उंचीची टेबलं मिळाली. हजेरी मी नवीन वहीत घेतली. चिंटुकलीने नकाशावरच्या सगळ्या थांब्यांची नावं मराठी अक्षरांत लिहायचं ठरवलंय. दोन झाली.

लहान गटाला कुणी नव्हतं. मीच उभी राहिले, पण मला बाराखडी घेता येत नाही गं, माझी चाल चुकते आणि मुलं मलाच दुरुस्त करतात. असं आमचं चाललं असताना दार उघडलं. मोठ्या बाई. पायपुसण्यावर नीट बूट पुसले. कोट काढून खुंटीवर टांगला. माझ्याकडे बघितलं नाही, खोलीकडे बघितलं. कपाटं, दोरी, पडदे, मुलं. बहुतेक मोजली त्यांनी. मी बाजूला झाले.

त्या फळ्यापाशी गेल्या, हात वर करून बघितला आणि वळून मला म्हणाल्या, "हा इतका उंच कुणी ठोकलाय? माझ्या पोरांचा हात कसा पोचणार?"

बसकाका हातोडी आणायला धावले. फळा खाली येईपर्यंत अर्धा तास गेला, तेवढा वेळ एक बाजू मोठ्या बाईंनी धरली होती आणि दुसरी मी.

तुझी,
ठकी